कुठपर्यंत आलं?

दुपारची जेवणं आटोपून जरा पाठ टेकली, तर फोन वाजला. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे. पुढे क्युसेकचा आकडा. तो वाचून होतो न होतो तोच पुण्याहून आत्याचा फोन. कशी आहेस नाही, पोरं कशी आहेत नाही. "कुठपर्यंत आलं गं?"

म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत. नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभी असलेली ही मूर्ती; पूर किती, ते आम्ही तिच्यावरूनच मोजतो.

"सकाळी गुडघे बुडाले होते, आता कंबर म्हणतायत."

"मग भांडी बाजारवाल्यांची आवराआवर सुरू झाली असेल." लग्न होऊन कोथरूडला गेल्याला जन्म लोटला, पण पावसाळा लागला की बाई मनानं गंगेवरच असते. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

क्युसेक मला कळत नाही असं नाही. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर. 10 हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला पावणेतीन लाखांच्या वर. हिशोब चोख आहे, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. "छातीला लागलं" म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो.

आजोबा आम्हाला पाणी बघायला न्यायचे. होळकर पुलावर, ज्याला ते शेवटपर्यंत व्हिक्टोरिया पूलच म्हणत. कठड्याला ही गर्दी, छत्र्यांच्या काड्या डोळ्यात जातायत, कणसं भाजल्याचा वास, आणि खाली चहाच्या रंगाचं पाणी. ओंडके, नारळ, एखादी चप्पल. चप्पल दिसली की आम्ही ओरडायचो आणि आजोबा डोक्यात टपली मारायचे. त्यांना कुठलाच पूर पसंत पडत नसे. 1969 चा पाहिलेला माणूस! "नारोशंकराच्या घंटेला लागलं तर महापूर, बाकी नुसतं पाणी." नारोशंकराच्या देवळातली ती घंटा वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांची. कुठल्या चर्चमधून निघाली आणि इथे पूर मोजायला टांगली गेली, नशीब एकेकाचं.

"आज दरवाजे उघडलेत," असं पुलावर कुणीतरी म्हणायचंच. मला वाटायचं, धरणावर एक माणूस असतो, तो कडी काढतो आणि दार ढकलतो. त्याला जेवायला वेळ मिळतो का, याची मला फार काळजी. धरण 1965 ला पुरं झालं आणि चारच वर्षांत तो 1969 चा पूर आला, हे आजोबा असं सांगत जणू नदीनं मुद्दाम केलं.

आता पुलावर पोलीस उभं राहू देत नाहीत. बरोबरच आहे म्हणा. मग लोक गेल्या वर्षीचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून पाठवतात. मला याचा भयंकर राग येतो. मी तारीख विचारते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझं फारसं चांगलं नाव नाही.

2016 साली एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं होतं. दगडी तळ उघडा पाहायला लोक गर्दी करत होते. ऑगस्ट लागला आणि मारुती बुडाला, त्यालाही गर्दी. आपल्याला बघायला काहीही चालतं.

आत्याचा फोन ठेवला आणि नणंदेचा आला, छत्रपती संभाजीनगरहून. तिच्या नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते तिच्या पिंपांना विचारावं. आमचं सोडलेलं पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पुढे त्यांच्या जायकवाडी धरणात जातं, तेव्हा तिकडे साठ्याचे टक्के चढतात. मारुतीशी तिचं काही देणंघेणं नाही.

"वहिनी, आणखी सोडणार आहेत का हो?"

"इकडे टपऱ्या हलवतायत अगं, घाटावरच्या."

"हो का," ती म्हणाली. जरा थांबली. "पण धरण अजून अर्धंही नाही आमचं."

मी म्हटलं, भरेल. दुसरं काय म्हणणार.