गाडीत कॅमेरा लावणं सोपं, पास करून घेणं अवघड

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. त्याच्या एंट्री फॉर्मवर रक्तगट विचारला होता, घरच्यांचा नंबर विचारला होता, टी-शर्टचा साइझसुद्धा विचारला होता. गाडीत कॅमेरा लावणार का आणि लावलात तर कसा, याबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि मग ऐन सकाळी, हेल्मेट काखेत आणि गाडी रांगेत अशा अवस्थेत, मला सांगण्यात आलं की कॅमेऱ्याचा फॉर्म वेगळा असतो.

हा ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा. पूर्वीचा एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक), आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट. १९९० पासून चालू आहे, लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. पुण्याहून रस्ता विचारायची गरज नाही. एनएच ४८ पकडायचा आणि सोडायचा नाही. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत श्रीपेरुंबुदूर ओलांडलं की ट्रॅक त्याच हायवेला लागून आहे. गाडी आपली साधी पोलो, चाकणला बनलेली. ट्रॅक भाड्याने घेऊन असे दिवस भरवणारे क्लब आणि कंपन्या वेगळ्या असतात. मी ज्यांच्याकडे पैसे भरले त्यांचं नाव इथे घेत नाही. मूळ ट्रॅकबद्दल माझी काही तक्रार नाही.

कॅमेरा मला रील बनवायला नको होता. शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर "ब्रेक लवकर मारलात" म्हणतो तेव्हा माणूस मनात वाद घालतो. रात्री लॉजवर व्हिडिओ बघितला की वाद मिटतो. त्यासाठी माझे हात, स्टिअरिंग आणि काचेतून दिसणारा रस्ता हे तिन्ही एका चौकटीत यायला हवेत. अशी जागा एकच: पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, खांद्याच्या उंचीला, जरा मागे. डॅशबोर्डवर लावलात तर नुसता रस्ता दिसतो, हात दिसत नाहीत. शिवाय डाव्या बाजूला एअरबॅग असते. ती उघडली तर कॅमेरा कुठे जाईल याचा विचार करा.

काचेला चिकटणारा सक्शन कप मी घरीच बाद केला होता. कप काचेवर हवेच्या दाबाने बसतो, आणि हिशेबाने तो दाब भरपूर असतो: चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. म्हणजे आठ सेंटिमीटर व्यासाच्या कपावर पन्नासेक किलो. पण हा हिशेब सरळ ओढलं तर. कॅमेरा लांब दांडीवर असला की तो कप एका कडेने सोलला जातो, आणि कड एकदा उचलली की संपलं. त्यात चेन्नईचं ऊन, तापलेली काच, मऊ पडलेलं रबर. चिकटपट्टीवाला माउंट त्यापेक्षा बरा, पण तो आदल्या दिवशी तरी, शक्य तर तीन दिवस आधी, लावलेला हवा. त्यातल्या व्हीएचबी टेपची (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड पट्टी) पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात आणि लोक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या उभ्या करतात तिथे, उभं राहून ती लावतात.

म्हणून मी हेडरेस्टच्या दोन स्टीलच्या दांड्यांना क्लॅम्प घेतला, त्यावर माउंटचा आखूड हात (दांडी), त्यावर कॅमेरा. सोबत नायलॉनचा सुरक्षापट्टा. दोन्ही हातांनी हलवून बघितलं, सीट हलली पण कॅमेरा हलला नाही. (ज्या गाड्यांचं हेडरेस्ट सीटमध्येच एकसंध असतं त्यांना हा मार्ग नाही. त्यांनी मागच्या दोन्ही दरवाज्यांच्या वरच्या हँडलमध्ये बसणारा आडवा दांडा शोधावा. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पोलादी सांगाडा) असेल तर प्रश्नच मिटला.)

आता स्क्रुटिनी, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीची गाडीची तपासणी.

गाडीचं सगळं भराभर झालं. टायर, बेल्ट, बॅटरी घट्ट आहे का, ब्रेक ऑइल, डिकीत सुटं सामान आहे का. मग तपासनीस, कमरेला टॉर्च अडकवलेले एक वयस्कर तमिळ गृहस्थ, मागच्या दारातून आत वाकले आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिले.

"सर, दिस विल फ्लाय."

मी नायलॉनचा पट्टा दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला. "नायलॉन नो. स्टील." मग पट्ट्याचं दुसरं टोक कुठे बांधलंय ते बघितलं. ते त्याच हेडरेस्टच्या दांडीला होतं. त्यांनी हेडरेस्टचं बटण दाबलं आणि कॅमेरा, क्लॅम्प, पट्टा असं सगळं लटांबर एका हाताने वर उचलून मला दाखवलं. बोलले काहीच नाहीत.

मुद्दा बिनतोड होता. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा, पण गाडी आदळली आणि पन्नास जी (गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट झटका) बसला तर त्या क्षणापुरता तो साडेसात किलोचा होतो आणि त्याच्या वाटेत माझी मान असते. मुख्य पकड ज्या वस्तूला आहे तिलाच दुसरी पकड बांधायची नाही, हा नियम मला शंभर टक्के पटला. माझं म्हणणं एवढंच होतं की हे वाक्य त्या फॉर्मवर टी-शर्टच्या साइझखाली छापायला किती शाई लागली असती? ते जर्मनीतलं नूरबर्गरिंग बघा. तिथे सर्वसामान्यांसाठी ट्रॅक उघडतात तेव्हा गाडी चालवताना चित्रीकरणाला सरळ बंदीच आहे. कडक आहे, पण लिहिलेलं आहे. माणूस कॅमेरा घरी ठेवून जातो.

स्टीलची वायर सकाळी साडेसातला इरुंगट्टुकोट्टईत कुठून आणायची? आजूबाजूला सगळ्या गाड्यांचे कारखाने, पण हार्डवेअरचं दुकान उघडं नाही. मी पिट्समधून याला त्याला विचारत फिरत होतो तेव्हा मागून आवाज आला, "काय शोधायलाय भावा?" कोल्हापूरचे मिस्त्री, कुणाची तरी रेसची गाडी घेऊन आलेले. माझी नंबरप्लेट बघून त्यांनी ओळखलं होतं. ऐकून घेतलं, टूलबॉक्सच्या तळातून बाइकची जुनी क्लच वायर काढली, आवरण सोलून आतली तार घेतली, दोन्ही टोकांना फास करून पकडीने लग (फास घट्ट धरणारे धातूचे तुकडे) दाबले. एक फास कॅमेऱ्याच्या चौकटीतून, दुसरा सीटबेल्टच्या खालच्या बोल्टच्या ब्रॅकेटमधून. "आता सीट उपटली तरी ह्यो जागचा हलत न्हाई," म्हणाले. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

मला वाटलं, झालं. परत रांगेत. तपासनिसांनी वायर ओढून बघितली, मान हलवली आणि म्हणाले, "फॉर्म?"

फॉर्म मीडिया डेस्कवर मिळतो. मीडिया डेस्क म्हणजे तंबूतलं एक टेबल, ज्यामागे एक मुलगा ओळखपत्रांच्या गळ्यातल्या दोऱ्यांचा (लॅनयार्ड) गुंता सोडवत बसला होता. फॉर्म एक पानी: उपकरण कुठे लावलंय, मुख्य पकड कोणती, दुय्यम पकड कोणती, वापर वैयक्तिक की व्यावसायिक. भरला. मुलगा म्हणाला, आधी स्क्रुटिनीची सही आणा. स्क्रुटिनी म्हणाली, आधी डेस्कचा शिक्का आणा, त्याशिवाय आम्ही कशावर सही करणार? परत तंबू. शेवटी त्या मुलाने शिक्का मारला आणि सांगितलं की यावर क्लार्क ऑफ द कोर्सची, म्हणजे ट्रॅकवरच्या मुख्य अधिकाऱ्यांचीही सही लागेल. ते कुठे आहेत? ट्रॅकवर. पाहणीची फेरी मारतायत. कधी येतील? येतील.

मी त्या तंबूच्या सावलीत उभा राहून पहिल्या बॅचच्या गाड्या जाताना ऐकल्या. माझ्या बॅचचा नंबर पुकारला गेला तेव्हाही तिथेच होतो. कॅमेरा काढून गाडी घेऊन जा, असा सल्ला एकाने दिला आणि तो बरोबरच होता, पण तोवर प्रश्न कॅमेऱ्याचा राहिला नव्हता. त्यातच माझ्या डोळ्यांसमोरून एक महागडी कूपे गेली, मागच्या बंपरवर बाहेरच्या बाजूला चिकटपट्टीवर कॅमेरा लावलेला, वायर नाही, काही नाही. मी डेस्कवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सर, दे केम यस्टर्डे ईव्हनिंग." आदल्या संध्याकाळी स्क्रुटिनी होती, तेव्हा गर्दी नव्हती, सगळ्यांच्या सह्या एकाच टेबलावर होत होत्या. हेही मला कुणी कळवलं नव्हतं.

सही अखेर झाली. क्लार्क ऑफ द कोर्स जीपमधून उतरले, बॉनेटवर कागद ठेवून न वाचता सही केली आणि "एन्जॉय" म्हणाले. पहिलं सेशन गेलं ते गेलंच, त्याचे पैसे परत मिळत नाहीत. ते मात्र फॉर्मवर लिहिलेलं होतं.

आता मी काय करतो ते सांगतो. नोंदणी केली की लगेच आयोजकांना ईमेल: कॅमेऱ्याचे तीन फोटो, एक पकडीचा, एक वायरीचा, एक वायर कुठे बांधली त्याचा, आणि थेट प्रश्न की याला तुमची हरकत आहे का. आलेलं उत्तर छापून सोबत ठेवतो. फोनवर विचारू नका, फोनवर सगळे हो म्हणतात. आणि आदल्या संध्याकाळी स्क्रुटिनी आहे का, हे न विसरता विचारा.

हेल्मेटवर कॅमेरा लावायचा विचारही करू नका. हेल्मेटचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतात तो आदळल्यावर घसरावा म्हणून. त्यावर खुंटी ठोकलीत तर ती अडकते आणि मान पिळते.

चित्रणाचं म्हणाल तर कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करायची सोय) बंद करा. हे कुणी सांगत नाही. कॅमेऱ्यातला जायरो (वळणं-हलणं ओळखणारा सेन्सर) बाहेरच्या जगाला स्थिर धरायला बघतो, त्यामुळे वळणावर गाडीचा आतला भाग चौकटीत डावीकडे-उजवीकडे पोहतो आणि बघणाऱ्याला मळमळतं. कॅमेरा गाडीला घट्ट बांधलेला असताना त्याची गरजच नसते. उलट चित्र जेलीसारखं थरथरत असेल तर दोष पकडीचा आहे. माउंटचा हात आखूड करा, सांधे कमी करा.

गाडी उन्हात, काचा बंद, एसी बंद, अशात कॅमेरा तापून स्वतःच बंद पडतो. सेशन संपलं की तो सावलीत घ्या किंवा निदान दार उघडं ठेवा. ४के चा हट्ट नको, १०८० ला ६० फ्रेम शिकायला पुरे. डॅशबोर्डवर काळं कापड पसरलंत तर काचेतलं प्रतिबिंब जातं, पण ते कापड टेपने नीट लावा, नाहीतर पुन्हा स्क्रुटिनी.

व्हिडिओवर वेग आणि लॅप टाइम (एका फेरीचा वेळ) हवा असेल तर रेसक्रोनोसारखं ॲप चांगलं, पण फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा नोंदवतात. ताशी १८० ला गाडी एका सेकंदात ५० मीटर जाते, म्हणजे तुमचा ब्रेकिंग पॉइंट (ब्रेक मारायला सुरुवात केली ती जागा) दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठेतरी हरवतो. सेकंदाला १० नोंदी करणारा वेगळा रिसिव्हर घ्या. कॅमेऱ्यातल्या जीपीएसचं म्हणाल तर गोप्रोच्या हिरो १२ या कॅमेऱ्यात जीपीएसच नाही, १३ मध्ये परत आलं. जुना घेताना बघून घ्या.

रेकॉर्डिंग पिट्समध्येच चालू करा, हेल्मेट घालायच्या आधी. हातमोज्यांनी बटण लागत नाही. आणि हायवेला परतीला लागण्याआधी क्लॅम्प काढून डिकीत टाका. मागच्या सीटवर कुणी बसलं तर तो लोखंडी हात बरोबर त्याच्या तोंडासमोर येतो.