असले हीरो मुलांना कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते. मंडळाच्या गणपतीत, कुणाकडे जेवायला गेल्यावर, पुण्याहून येणाऱ्या फोनवर प्रश्न तोच असतो: "चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना ते अकिलीस आणि ओडिसियस कशाला शिकवतेस? एक रागीट, एक खोटारडा. आपल्याकडे एवढे आदर्श असताना?"

न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. ओडिसी, म्हणजे ओडिसियसच्या घरी परतण्यावरचं होमर या ग्रीक कवीचं महाकाव्य, नेमलेलीच असते, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. अकिलीसच्या रागावरचं होमरचंच दुसरं महाकाव्य इलियड, त्याचे भाग आणि बाकीच्या ग्रीक कथा मी माझ्या मनाने जोडते. तेव्हा जबाबदारी माझीच.

मुळात आदर्श म्हणून मी यातलं कुणालाच शिकवत नाही. ग्रीकांनीही तसं मानलं नव्हतं. त्यांचा हीरो म्हणजे ज्याच्या थडग्याशी बळी देतात असा मेलेला पराक्रमी माणूस. त्याने रक्षण करावं म्हणून त्याला पुजायचं आणि त्याने कोपू नये म्हणूनही. वेशीवरच्या म्हसोबाला नारळ फोडणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. हेराक्लीसने, म्हणजे हर्क्युलिसने, वेडाच्या भरात स्वतःची मुलं मारली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पूजा होतीच.

आणि आपले आदर्श म्हणता, तर सात चिरंजीवांचा श्लोक आठवा. मला तो लहानपणी पाठ करायला लावला होता. त्यातलं पहिलं नाव अश्वत्थाम्याचं. रात्री छावणीत शिरून द्रौपदीच्या झोपलेल्या मुलांना मारणारा अश्वत्थामा. तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, एवढं आजीने सांगितलं होतं. सकाळी उठून त्याचं नाव का घ्यायचं, हे मी कधी विचारलं नाही. माझे विद्यार्थी विचारतात.

पूर्वी मी हा विषय जिन्यासारखा शिकवायचे. सगळ्यांत खाली अकिलीस, कीर्तीसाठी अल्पायुष्य पत्करणारा. त्याच्या वर ओडिसियस, ज्याला फक्त घरी पोचायचं आहे. मग शोकांतिकांमधली पोळलेली माणसं आणि सर्वांत वर नि:शस्त्र तत्त्वज्ञ सॉक्रेटिस. मुलांना लिहायला सोपं जायचं. पण ओडिसीच्या ११ व्या सर्गात मेलेला अकिलीसच म्हणतो, की मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी केलेली बरी. आणि भर न्यायालयात सॉक्रेटिस दाखला कुणाचा देतो? मरणाला न भिणाऱ्या अकिलीसचाच. मग कोण खाली नि कोण वर? तरी तेव्हाची मी अजून माझ्याशी वाद घालते: एवढ्या लहान वयात मुलांना काहीतरी क्रम हवा की नको? तिचं म्हणणं मला पुरतं खोडता आलेलं नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही दबक्या आवाजात विचारता ते सांगते.

पॉसेनियस या इ.स. २ ऱ्या शतकातल्या प्रवाशाने ॲस्टिपालिया बेटावरच्या क्लिओमिडीजची हकिगत लिहून ठेवली आहे. ऑलिंपियात मुष्टियुद्धात त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला. पंचांनी त्याला दोषी धरून विजय काढून घेतला. दु:खाने वेडा होऊन तो बेटावर परतला, तिथल्या शाळेत गेला आणि छताला आधार देणारा खांब त्याने पाडला. आत साठेक मुलं होती. छप्पर त्यांच्यावर कोसळलं. लोक दगड घेऊन मागे लागले, तेव्हा तो अथेनेच्या देवळातल्या पेटीत शिरला. पेटी फोडली तर आत कुणीच नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. डेल्फीच्या देवळात कौल लावला. उत्तर आलं: क्लिओमिडीज हा शेवटचा हीरो, त्याला बळी देऊन मान द्या.

मी ही कथा वर्गात वाचली. आमच्या राज्यात दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची ड्रिल कायद्यानेच घ्यावी लागते. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून दिवे घालवून, कोपऱ्यात, आवाज न करता मुलं बसतात. हे त्यांना बालवाडीपासून येतं. त्यामुळे शाळेचा उल्लेख आला तसा वर्ग गप्प झाला. एक मुलगा म्हणाला, "त्याला घाबरून पुजत असतील." मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "त्या मुलांची नावं काय होती?" मी सांगितलं, पॉसेनियसने दिलेली नाहीत. "एकाचंही नाही?" ती उठून बाहेर गेली आणि तास संपेपर्यंत परतली नाही.

त्या आठवड्यात तिच्या वडिलांना मी शाळेत भेटले. भांडणाची तयारी करूनच मी गेले होते: मुलं हे बातम्यांत बघतातच, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अंतरावरून तरी त्यावर बोलता येतं, मारणाऱ्याचं नाव उरतं आणि मुलांची पुसली जातात हे तिनेच तर ओळखलं. सगळं बोलले. ते शांतपणे म्हणाले, "माझी मुलगी जिथून दार दिसतं तिथेच बसते. हॉटेलातसुद्धा. तिला हे कळायला गोष्ट लागत नाही."

शाळेने कथा वगळायला सांगितलं. मी वगळली.

मात्र ओडिसीच्या २२ व्या सर्गात ओडिसियसचा मुलगा टेलेमेकस घरच्या बारा दासींना एका दोरावर फासावर लटकवतो, तो भाग तसाच आहे. त्यावर आजवर एकाही पालकाची तक्रार आलेली नाही. त्यांना लटकवलं जातं तेव्हा होमर त्यांतल्या एकीचंही नाव घेत नाही. नवरा घरी परतला, बायको भेटली, की मधलं रक्त चालतं का? हे मी रागाने विचारते आणि राग खोटा नाही. पण त्या दासी कुठल्या शाळेत नव्हत्या, हा फरकही खराच आहे.

वर्षअखेरीस पुढची यादी द्यायची असते. क्लिओमिडीज परत मागायचा, पालकांना आधी कळवून, ऐच्छिक ठेवून, असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. दिलेला नाही. त्या वडिलांना काय उत्तर द्यायचं ते अजून मला सुचलेलं नाही.