यल्लम्माचा डोंगर: मार्गशीर्षातला गारठा, चैत्रातलं ऊन

बेळगावहून बैलहोंगलमार्गे सौंदत्तीकडे निघालं की झाडी मागे पडते, काळी रानं लागतात आणि वारा मोकळा सुटतो. मार्गशीर्ष आणि चैत्र, दोन्ही पौर्णिमांना आम्ही सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या यात्रेला हाच रस्ता धरतो. डोंगर तोच, पण पिशवीतलं सामान दर वेळी वेगळं.

डिसेंबरात पहाटे पारा १४-१५ च्या आसपास. एवढ्याशा थंडीनं काय होतंय, असं म्हणणारे यात्रेच्या प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीत असतात. कोरड्या माणसाला काही होत नाही, हे खरंच. पण जोगुळभावीत, म्हणजे डोंगरावर जाण्याआधी भाविक अंघोळ करतात त्या ठिकाणी, आंघोळ करून ओलेत्यानं डोंगर चढायचा आणि तसंच उघड्या ट्रॉलीत बसायचं, इथं गणित फिरतं. ओलं सुती कापड अंगाची ऊब ओढून घेतं, ट्रॅक्टर निघाला की उरलेली वारा नेतो. म्हणून कोरडं लुगडं, टॉवेल आणि कानटोपी प्लास्टिकच्या पिशवीत, तीही सामानाच्या अगदी वर. तळाशी ठेवली तर नेमक्या वेळी कोणी उपसत बसत नाही. झोपताना ट्रॉलीच्या पत्र्यावर आधी कडबा किंवा पोती, मग घोंगडं. वर तीन गोधड्या घेतल्या आणि खाली काहीच नसलं, तर पत्रा रात्रभर ऊब पीत राहतो.

हुडहुडी भरली तर घाबरू नये, शरीर ऊब तयार करतंय. पुढे बोटांना साधी गाठ सुटेनाशी होते, बोलणं जड होतं. त्यानंतर हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस गप्प झाला, तर ‘आता बरं वाटतंय’ असं समजू नका. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या बरंच खाली गेलेलं असू शकतं. ओले कपडे काढून छाती, पोट, मान आधी गुंडाळा. हातपाय चोळू नका. नीट गिळता येत असेल तरच गरम, गोड चहा. दारू मात्र नको. तिनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, अंग गरम वाटतं आणि ऊब बाहेर निघून जाते.

आणि ताडपत्री बंद करून टेम्पोत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नका. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही.

चैत्रात दुखणं उलटं. ‘पडली’, म्हणजे देवीचा नैवेद्य, भरायची म्हणून तीन दगडांची चूल भर उन्हात पेटते, आणि वरून सूर्य, समोरून जाळ अशा दुहेरी तापात बायका तासन्‌तास बसतात. स्वयंपाक सकाळी ९ पर्यंत उरका. नाहीच जमलं तर चुलीवरचं माणूस दर १५-२० मिनिटांनी बदला. तहान लागायची वाट न पाहता तेवढ्याच अंतरानं पेलाभर पाणी. पण तासाला दीड लिटरच्या वर नको. नुसतं पाणी ढोसून रक्तातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. मीठ घातलेलं ताक किंवा आंबील यासाठीच. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची पुडी. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मीठ अंदाजानं वाढवायचं नाही.

दुपारी अनवाणी रांगेत उभं राहिल्यावर दगडी फरशी पाय भाजते. मधुमेहवाल्यांच्या तळव्यांना ते कळतही नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतात. त्यांनी दर्शन पहाटेच घ्यावं.

चक्कर आली, घाम फुटला, पण माणूस नीट बोलतोय, तर सावली, पाणी आणि विश्रांती. बरळायला लागला, तोल गेला, झटके आले, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून धीर धरू नका, उष्माघातातही घाम असू शकतो. तळपायाला कांदा चोळण्यात वेळ जातो, तापाच्या गोळीचा इथं उपयोग नाही. १०८ ला फोन करा आणि त्याच क्षणी सावलीत अंगावर पाणी ओतत राहा, पदरानं, पुठ्ठ्यानं, मिळेल त्यानं वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, कुशीवर वळवायचं. यात्रेच्या गर्दीतून गाडी वर यायला वेळ लागतो. तोवर घरी न्यायला म्हणून जोगुळभावीहून भरून घेतलेला कॅन असेल, तर तोही ओतायचा.