काकूंनी कापू न दिलेली फांदी

मी लोकांच्या बाल्कन्या-गच्च्यांवरच्या कुंड्या सांभाळते. बाहेरून वाटतं हिचं बरंय, दिवसभर फुलं बघायची. खरं म्हणजे निम्मा वेळ कुंडीची तुंबलेली भोकं मोकळी करण्यात जातो आणि उरलेला "खत कुठलं घालू?" याला उत्तर देण्यात. झाड मरायला टेकलेलं असलं तरी पहिला प्रश्न खताचाच असतो.

या काकूंकडची जास्वंद बघितली तेव्हा ती माझ्यापेक्षा उंच होती, खाली नुसत्या नागड्या काठ्या आणि वर पिवळट पानांचं टोपलं. आधीच्या माणसाने कुंपणाची मोठी कात्री दर महिन्याला वरून गोल फिरवलेली. असली छाटणी बघितली की माझं डोकं फिरतं. बाहेरून कापलं की बाहेरच दाट फुटवा येतो, आत उजेड जात नाही, आतली पानं गळतात, आणि जास्वंदीला कळी धरते नव्या फुटव्यावर, म्हणजे हा माणूस दर महिन्याला कळ्याच कापून नेत होता आणि वर काकूंना सांगत होता की झाड म्हातारं झालंय.

काकू म्हणाल्या, "अगं नर्सरीतून आणली तेव्हा एवढीशी होती, कळ्यांनी भरलेली." हे तर सगळ्यांकडेच ऐकते. नर्सरीवाले बऱ्याचदा वाढ रोखणारं औषध देतात, पॅक्लोब्युट्राझोल नाहीतर क्लोरमेक्वाट, त्याने पेरं आखूड राहतात आणि झाड गुटगुटीत दिसतं. घरी आणल्यावर काही महिन्यांनी औषधाचा असर उतरतो आणि झाड आपल्या मूळच्या उंचीकडे निघतं. विकताना हे कोणी सांगत नाही, मग घरचे म्हणतात आमचा हातगुण वाईट.

आधी नखाने साल खरवडून बघितली. बुंध्यापासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत आत हिरवं होतं, वरच्या दोन काठ्या मात्र तपकिरी, कोरड्या. म्हणजे खालून फुटायची आशा होती. पाणी घातलं तर ते कडेकडेने सरळ तळाच्या भोकातून बाहेर, कारण माती आकसून कुंडीपासून सुटलेली. काकू रोज पाणी घालत होत्या आणि मधला मुळं-मातीचा गड्डा कोरडा ठणठणीत! अख्खी कुंडी टबात बुडवून ठेवली, बुडबुडे थांबेपर्यंत. मग कडेने सुरी फिरवून आडवी केली, भोकातून बाहेर आलेली मुळं कापली आणि बुंधा धरून ओढली.

तळाला मुळं दोरीच्या गुंडाळीसारखी गोल गोल फिरलेली आणि गड्ड्याच्या बाजूने पांढरी पूड. बरेच जण ती बुरशी समजतात, पण हे मुळांवरचे मिलीबग, म्हणजे रस शोषणारे पांढरे किडे. वर पानांवर कितीही निंबोळी तेल मारा, खाली हे असले तर झाड सुधारत नाही. खरं तर अशा अशक्त झाडाची मुळं आणि शेंडे मी एकाच दिवशी कापत नाही, पण इथे ती माती ठेवणं शक्यच नव्हतं. पाण्याच्या धारेने जुनी माती धुतली, तळाची दीड-दोन इंच गुंडाळी करवतीने उडवली, बाजूने तीन-चार उभे काप दिले. कुंडी साबणाने घासून त्याच कुंडीत परत, कारण झाड लहान ठेवायचं तर दर वेळी मोठी कुंडी हा उपाय नाही. माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निचऱ्यासाठी जाड वाळू, वर पाण्यासाठी दोन बोटं जागा. शेणखत सोडून दुसरं खत अजिबात नाही, ताज्या कापलेल्या मुळांना ते भाजतं.

मग सिकेटर, म्हणजे छाटणीची छोटी कात्री, स्पिरिटने पुसून वर आले. प्रत्येक फांदी बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून फुटवा निघतो त्या जागेच्या) जरा वर, तिरकी कापायची, म्हणजे फुटवा बाहेर जातो आणि मधे उजेड राहतो. शेवटच्या फांदीपाशी आले तर काकूंनी माझा हातच धरला. "एवढी नको गं, हिला कळी आहे." मी सांगितलं, उंच फांदी ठेवली तर सगळा जोर तिकडेच जाईल, खालचे डोळे झोपून राहतील. "मग जाऊ दे जोर. बाकीचं तर मारलंसच की." यावर काय बोलणार? ठेवली.

झाड सावलीत सरकवलं. कळी दोन दिवसांत गळून पडली, मुळं हलवल्यावर असं होतंच. पण फांदीची पानं मात्र टिकली. पुढे खालच्या काठ्यांवर डोळे फुगले, उशिराच, आणि सगळ्यात आळशी नेमकी त्या फांदीच्या शेजारची काठी, म्हणजे माझं बरोबर होतं. पण गंमत अशी की पूर्ण बोडकी करून मुळं कापलेली झाडं माझ्या हातून अधूनमधून बुंध्यापर्यंत वाळलेली आहेत आणि या काठ्यांपैकी एकही वाळली नाही. त्या फांदीच्या पानांनी मुळांना खाऊ घातलं का? की नुसतं नशीब? एका झाडावरून काय ठरवणार, पण डोक्यातून जात नाही.

आता फुटव्यांना चार-पाच पानं आली की काकू स्वतः शेंडा खुडतात, प्रत्येकातून दोन-तीन फांद्या निघतात आणि झाड बुटकं राहतं. फुलं काही आठवडे लांबतात, तिथेच बहुतेक लोकांचा धीर सुटतो. काकूंचा नाही सुटला, हे मला अनपेक्षित होतं. फुलांसाठी म्हणून फॉस्फरसवालं खत आणून ठेवलं होतं, ते मात्र मी परत करायला लावलं, जास्वंदीला पोटॅश जास्त लागतं. ती फांदी मला अजूनही कापू देत नाहीत.

पुढच्या कामात दोन अशाच वाढलेल्या जास्वंदी आहेत, सारख्याच कुंड्यांत. एक पूर्ण बोडकी करणार, दुसरीवर एक पानांची फांदी ठेवणार. मालकांना तसं सांगितलंय, फक्त कारण सांगितलं नाही.