तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सिटकॉमच्या वस्तू सापडत का नाहीत?

जुन्या अमेरिकन सिटकॉमवर, म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी मालिकांवर, जीव असणारे बहुतेक जण हा प्रश्न विचारतात. ‘द मन्स्टर्स’ या राक्षसांच्या कुटुंबावरच्या मालिकेचे मुलांचे जेवणाचे डबे, बाहुल्या, गाड्यांची जोडायची किट आजही विक्रीला दिसतात. मग त्याहून जास्त चाललेल्या ‘द मेरी टायलर मूर शो’चं काहीच का मिळत नाही? सगळं हरवलं का?

हरवलं नाही, मुळात बनलंच नव्हतं. हा फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. जे कधी बनलं नाही ते शोधत बसलं, की कुणीतरी ते बनवून तुमच्या गळ्यात मारतंच.

मन्स्टर्स १९६४ ते १९६६ चाललं, ७० भाग. तेवढ्या अवधीत रेम्को कंपनीच्या बाहुल्या, ऑरोराचं मॉडेल किट, एएमटीचं गाडीचं किट, लीफची जमवायची ७२ कार्डं आणि किंग-सीली थर्मॉसचा पत्र्याचा जेवणाचा डबा, एवढं सगळं बाजारात आलं. मेरी टायलर मूरचे १९७० ते १९७७ या काळात १६८ भाग झाले, टीव्हीचे २९ एमी पुरस्कार मिळाले, तरी खेळण्यांच्या दुकानात तिच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलं नाही. असला माल मुलांसाठी बनायचा. ऑरोराचं फ्रँकेन्स्टाइनचं किट १९६१ मध्ये आलं तेव्हापासून मुलांना राक्षसांचं वेड लागलेलं होतं, मन्स्टर्सना ते आयतं मिळालं. न्यूजरूममध्ये नोकरी करणाऱ्या तिशीतल्या बाईच्या गोष्टीला मोठी माणसं मनापासून हसत होती, पण मोठी माणसं डबा किंवा बाहुली विकत घेत नव्हती.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. नवी मालिका सप्टेंबरमध्ये सुरू व्हायची. खेळण्यांचे घाऊक सौदे न्यू यॉर्कच्या फेब्रुवारीतल्या टॉय फेअरमध्ये ठरायचे आणि माल दुकानात लागायचा तो पुढच्या नाताळसाठी. पोलादी साच्यावर आधीच खर्च करायचा आणि मधल्या काळात मालिका बंद पडली तर सगळं अंगावर. म्हणून कंपन्या सिटकॉममध्ये अशी एखादी गोष्ट शोधायच्या जी मालिकेशिवायही विकली जाईल: भूत, चेटकीण, विचित्र गाडी, लहान मूल. ‘बीविच्ड’मधल्या चेटकीण समँथाची बाहुली आयडियल या खेळण्यांच्या कंपनीने काढली ती याच हिशेबाने. ‘ऑल इन द फॅमिली’ मोठ्यांचीच मालिका, तरी १९७६ मध्ये आयडियलची बाहुली आली ती नायक आर्चीची नव्हे, त्याच्या तान्ह्या नातवाची, जोई स्टिव्हिकची.

तिसरं कारण चेहऱ्याचं. पात्र स्टुडिओच्या मालकीचं, पण चेहरा नटाचा. ‘चीअर्स’ या मालिकेच्या नावाने विमानतळांवर काढलेल्या बारमध्ये तिच्यातल्या नॉर्म आणि क्लिफसारखे दिसणारे यंत्रमानव बसवले, तेव्हा ती पात्रं करणारे नट जॉर्ज वेंट आणि जॉन रॅट्झनबर्गर कोर्टात गेले. स्टुडिओकडून रीतसर परवाना घेतलेला असूनही १९९७ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळू दिला नाही. पाच-सहा प्रमुख नट असलेल्या मालिकेत प्रत्येकाची संमती आणि प्रत्येकाचा वाटा ठरवायचा, तर छोटी कंपनी त्या फंदात पडतच नाही.

आता जे बनलं त्याकडे वळू. पत्र्याच्या डब्यात चित्र थेट पत्र्यावर छापलेलं असतं, चिकटवलेलं नसतं. कंपनीचं नाव आणि कॉपीराइटची ओळ कडेला बारीक अक्षरात असते. दहापट भिंग घेऊन चित्रावरून सावकाश फिरवा. खऱ्या छपाईत रंगांचे बारीक ठिपके ओळीने दिसतात. कुणी ओरखडा रंगवून झाकला असेल तर तिथे ठिपके तुटतात आणि सपाट रंगाचा डाग लागतो. झाकणाची कड आणि कोपरे आधी तपासा, कारण डबा घासला जातो तो तिथे आणि रंगवलाही जातो तिथेच. अलीकडे आठवण म्हणून काढलेल्या डब्यांचा पत्रा हाताला पातळ लागतो, आणि त्यांच्यासोबत बहुधा थर्मास नसतोच. जुन्या थर्मासच्या आत काच असते. कानाशी धरून हलकेच हलवा, खळखळ आली तर ती फुटलेली आहे. शिक्क्यातल्या सालावरही डोळे मिटून विसंबू नका. तो चित्राच्या हक्काचा किंवा साच्याचा असू शकतो, वस्तू बनली ते साल वेगळं असू शकतं.

सगळ्यात जास्त तक्रारी मिसेस बीझलीबद्दल येतात. ‘फॅमिली अफेअर’ मालिकेतल्या बफी या लहान मुलीची ही बाहुली मॅटेलने काढली: निळ्या कापडावर पांढरे ठिपके, काळा चौकोनी चष्मा, दोरी ओढली की बोलणारी. बाहुल्या पुष्कळ विकल्या गेल्या, पण चष्मे मुलांनी हरवले. त्यामुळे आज दिसणारे बरेच चष्मे नंतर बनवलेले असतात. विक्रेत्याने तसं सांगितलं तर त्यात काही गैर नाही, लपवलं तर आहे. आवाज बंद असण्याचं कारण बहुधा एकच. पोटात छोटी तबकडी असते, ती फिरवणारा पट्टा इतक्या वर्षांत चिकट होतो किंवा भुगा होऊन पडतो. दोरी आत जाते, घरघर ऐकू येते, शब्द मात्र येत नाहीत. दुरुस्तीसाठी पाठीची शिवण उसवून आतली बंद डबी कापावी लागते. कापड धड असेल तर मुकी बाहुली मुकीच राहू द्यावी. उसवलेली शिवण पुन्हा मूळच्यासारखी बसत नाही, आणि पुढचा घेणारा पहिल्यांदा तीच बघतो.

मग मेरी टायलर मूर किंवा ‘बार्नी मिलर’सारख्या मोठ्यांच्या मालिकेच्या चाहत्याने काय जमवायचं? कागद. माझ्या मते सिटकॉमचा खरा संग्रह कागदाचाच असतो, कारण तो खेळण्यांच्या बाजारासाठी नाही, कामासाठी बनलेला होता. वाहिनीने वर्तमानपत्रांना पाठवलेले आठ बाय दहा इंची फोटो घ्या. त्यांच्या मागे माहितीची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती फाडलेली नको. चित्रीकरणाची पटकथा घेताना पानं चाळा. बदललेली पानं निळ्या, गुलाबी, पिवळ्या कागदावर घालायची पद्धत होती. सगळी पानं पांढरीशुभ्र आणि कडेला छिद्रांच्या काळ्या सावल्या छापलेल्या दिसल्या, तर ती कुठल्यातरी प्रतीची झेरॉक्स आहे. प्रेक्षकांच्या तिकिटावर चित्रीकरणाची तारीख असते आणि चित्रीकरण प्रसारणाच्या काही आठवडे आधी व्हायचं. तिकिटावर नेमकी प्रसारणाची तारीख असेल तर हात आखडता घ्या.

टीव्हीच्या कार्यक्रमांची माहिती देणाऱ्या ‘टीव्ही गाइड’ साप्ताहिकाचे अंक त्या मानाने सहज मिळतात. देशभर निघालेला पहिला अंक ३ एप्रिल १९५३ चा, मुखपृष्ठावर ‘आय लव्ह ल्युसी’ची नायिका ल्युसिल बॉल हिचं बाळ, किंमत १५ सेंट. वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी मुखपृष्ठावर असलेली प्रत स्वस्त जाते. ती चिठ्ठी कधीही ओढून काढू नका, खालची शाई तिच्याबरोबर निघून येते. किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेला आकडा धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या सौद्यांचे आकडे बघा.

घरी आणल्यावर अंक आम्लरहित पुठ्ठ्यासह पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ठेवा. साध्या पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत चिकटतात आणि शाई ओढून घेतात. डबा किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसा आणि लगेच कोरडा करा. गंजावर घासणी लावलीत तर गंजाआधी चित्र जाईल. उन्हात काहीही ठेवू नका, सगळ्यात आधी लाल रंग उडतो. आणि मऊ प्लास्टिकची बाहुली रंगवलेल्या प्लास्टिकला टेकवून ठेवू नका. बाहुलीतून पाझरणारं तेल दोन्ही वस्तू एकमेकींना चिकटवतं, मग सोडवताना रंग निघतोच.