मिस चमकोचं कमिशन

ऐन नवतप्यात, भर दुपारी लाइन गेली. कूलर थांबला, पंखा थांबला आणि वॉशिंग मशीन पोटात साबणाचं पाणी घेऊन मध्येच गप्प झालं. लाइन कधी येईल याचा नागपुरात कुणी अंदाज करत नाही, म्हणून कपडे बादलीत काढले आणि हातानेच घुसळायला बसले. फेस कोपरापर्यंत चढला आणि मला दीप्ती नवल आठवली.

का आठवली, हे माझ्या वयाच्या माणसांना सांगायची गरज नाही. पोरांना सांगून उपयोग नाही.

‘चश्मेबद्दूर’ १९८१चा. सई परांजप्यांचा, म्हणजे आमच्या घरात तो हिंदी सिनेमा असूनही निम्मा मराठीच धरला जायचा. दिल्लीतली एक खोली, तीन मित्र, सिगारेटी, आणि खाली लल्लन मियाँच्या टपरीवर वाढत चाललेली उधारी. कुणाचा खून नाही, कुणी श्रीमंत बाप आड येत नाही. त्या काळच्या पडद्यावर एवढ्या थोड्या भांडवलावर सिनेमा उभा करणं म्हणजे धाडसच. आणि मग दारावर टकटक होते. खांद्याला पिशवी लावलेली नेहा, म्हणजे दीप्ती, उभी. धुण्याची चमको पावडर विकायला आलेली.

हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिलाय की आता त्यातला विनोद मला ऐकूच येत नाही, फक्त दीप्तीचे हात दिसतात. कंपनीने पाठ करून घेतलेली वाक्यं ती पाठ केल्यासारखीच म्हणते. आज सकाळपासून ती अशा कितीतरी दारांत हेच बोलून आलीय, हे आवाजात आहे. पण टॉवेल पाण्यात गेला की ती खरंच धुते. बोटाच्या टोकांनी नाही, मनगटातून. समोर फारुख शेख बसलेला, म्हणजे सिद्धार्थ, अर्थशास्त्राचा हुशार विद्यार्थी, फेसाकडे बघतोय, मग कुठेच बघत नाहीये. तिला अजून पत्ता नाही. ती कामावर आहे. प्रेमाची सुरुवात कामाच्या वेळेत होणं, आणि नायिकेने तेवढ्या वेळात काम अजिबात न थांबवणं, हे मी फार कमी सिनेमांत पाहिलंय. नाहीतर नायिकेला नोकरी असते ती एका वाक्यापुरती. ऑफिसात शिरताना दिसते, पुढे थेट बागेत.

बागेत नेहाही जाते म्हणा, तालकटोरा गार्डनमध्ये. पण ती मुळात फिल्मी वाटत नाही, याचं कारण त्याच सिनेमात दडलंय. सिद्धार्थचे दोन दोस्त तिच्याकडून फजिती करून घेऊन येतात आणि तिने आपल्यावर जीव टाकला अशा थापा मारतात. त्या थापांमध्येही दीप्तीच आहे. तिथे ती लाजते, मुरडते, गाण्यावर लहरते, सगळं नायिकेच्या रीतीने. म्हणजे बाईने एकाच तिकिटात तीन नेहा केल्या. दोन पोरांच्या डोक्यातल्या आणि एक पिशवीवाली. पहिल्या दोघींना ती किंचित जास्तच नटवते, पण खिल्ली उडवतेय असं कळू देत नाही. त्या खोट्या नेहा इतक्या चकचकीत आहेत म्हणून तिसरी घामेजलेली वाटते. हे मला लहानपणी कळायचं कारणच नव्हतं. लहानपणी आम्हाला त्या थापाच जास्त आवडायच्या.

दीप्ती नवल अमृतसरची, शिकली न्यूयॉर्कला, तेही चित्रकला. माझ्या आईला हे कधी पटलंच नाही. पुढे १९८३ला सईंच्याच ‘कथा’त ती मुंबईच्या चाळीतली संध्या सबनीस झाली, तेव्हापासून आईने ठरवून टाकलं, ‘ती आपल्यातलीच आहे. पापडाच्या लाट्या हातात दे, बरोब्बर करते की नाही बघ.’

माझी मात्र एक वाईट खोड आहे. मी कॉमर्स शिकवायची ज्युनिअर कॉलेजात, त्यामुळे असेल. पडद्यावर ती टॉवेल पिळत असते आणि मी हिशेब करत असते. पाकिटामागे कमिशन किती? पगार अधिक कमिशन, की नुसतं कमिशन? प्रात्यक्षिकाला जी पावडर खर्ची पडली ती कंपनीच्या नावे की हिच्या? दिवसाला किती जिने? समोर अर्थशास्त्राचा विद्यार्थी बसलाय, पण त्याचं लक्ष असल्या गोष्टीत कुठलं असायला!

खोड कुठून लागली तेही मला ठाऊक आहे. आमचं घर बजाजनगरात. गच्चीवर एक खोली होती, तिच्यात व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजची तीन पोरं भाड्याने राहायची. (आता त्या कॉलेजला व्हीएनआयटी म्हणतात, आमच्या पिढीची जीभ अजून वळत नाही.) तीन पोरं, एक स्टोव्ह, एकच चांगला शर्ट, ज्याची मुलाखत असेल तो घालायचा. टीव्हीवर चश्मेबद्दूर लागला तेव्हा तिघंही आमच्या बैठकीत खाली सतरंजीवर बसून पाहत होते, आणि आपल्यातला सिद्धार्थ कोण यावर त्यांचं पार भांडण झालं. अशा घरात मे महिन्याच्या दुपारी एक मुलगी धुण्याची पावडर विकायला आली. खरोखरची.

डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पायात रबरी चपला. आई दारात जाऊन म्हणाली, ‘एवढ्या उन्हाची कुठे हिंडून राहिली गं पोरी? ये, आत ये.’ माठातलं पाणी दिलं, मग पन्हं दिलं. तिने पिशवीतून पाकिटं काढली तर सोबत एक कांदा घरंगळत बाहेर आला. उन्ह लागू नये म्हणून तिच्या आईने टाकलेला. ती लाजली. आईने तो उचलून तिच्या पिशवीत परत ठेवला आणि म्हणाली, ‘बरं केलं आणला ते.’

तिने माझा शाळेचा शर्ट मागून घेतला आणि कॉलरची अर्धीच बाजू धुऊन दाखवली. उरलेली अर्धी बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई विचारत गेली, ती सांगत गेली. राहते गोळीबार चौकाकडे. बर्डीला बस बदलावी लागते. वडील गिरणीत आहेत, पण गिरणीचं काही खरं नाही, पगार कधी होतो, कधी होत नाही. दोन भाऊ शिकताहेत. हे सगळं तिने कॉलर घासता घासता सांगितलं, आणि हात तिचे थांबले नाहीत.

तेवढ्यात वरची पोरं जिन्यावर. बातमी कशी लागली देव जाणे. तिघांचेही केस ओले, भांग पाडलेले. त्यातला अमरावतीचा धीट होता. तो म्हणाला, ‘आमचाही एक टॉवेल धुऊन दाखवा ना.’ मागचे दोघे जिन्याचा कठडा धरून हसत होते.

मुलीने मान वर केली. ‘बादली आणा जी. पण पाकीट घ्यावं लागीन. एक टॉवेल, एक पाकीट.’

तिघांनी तीन टॉवेल आणले. तिने तीन पाकिटांचे पैसे आधी मोजून घेतले, सुटे परत केले, आणि मग तिन्ही टॉवेलांचा एकेक कोपरा धुतला. फक्त कोपरा. उरलेला तुमचा तुम्ही धुवा, आता पावडर आहे तुमच्याकडे. अमरावतीवाल्याला नाव विचारायचं होतं, ते त्याच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं, पण ती पिशवी उचलून आईला ‘येते काकू’ म्हणून निघालीसुद्धा. पोरांच्या खोलीत ती पावडर पुढे सहा महिने पुरली, कारण धुणं त्यांना माहीतच नव्हतं. आईनेही एक पाकीट घेतलं होतं. फेस जरा कमीच यायचा, पण आई तसं बोलून दाखवू द्यायची नाही.

ती गेल्यावर मी आईला विचारलं होतं, तिला यातले किती मिळणार? आई म्हणाली, ‘तुला काय करायचं?’ तेव्हापासून मी हिशेब करतेय.

आता आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटीच आहे, विक्रेत्यांना प्रवेश नाही. मीटिंगमध्ये ठराव झाला तेव्हा मी गप्प बसले. तशी दाराची बेल दिवसातून दहादा वाजते, पण येणाऱ्याला काही दाखवायचं नसतं, बोलायचं नसतं. ओटीपी सांगा, हा घ्या डबा, चालले. पाणी विचारलं तर दचकतात. त्यांचं कमिशन तर माझ्या हिशेबाच्याही पलीकडचं, अ‍ॅपवाल्यालाच माहीत.

२०१३च्या ५ एप्रिलला जुना चश्मेबद्दूर स्वच्छ करून पुन्हा थेटरात लावला, आणि त्याच शुक्रवारी त्याच नावाने नवा बनवलेलाही लागला. नव्याबद्दल मी काही बोलत नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी फारुख शेख गेले. तेव्हा ताई माहेरी आली होती. आम्ही दोघींनी रात्री जेवणं आटोपून जुनाच लावला. त्याच्यासाठी लावला होता, पण बघितलं दोघींनीही दीप्तीकडेच.

संपल्यावर ताई म्हणाली, ‘लग्नानंतर हिने ते काम सोडलं असेल.’

मी म्हटलं, ‘का म्हणून? चांगली हुशार सेल्सगर्ल आहे. पाच वर्षांत सुपरवायझर होईल.’

‘अगं, त्याला नोकरी लागली ना.’

‘मग? त्याची त्याला.’

‘सोडतातच,’ ताई म्हणाली. ‘मी नाही सोडली?’

ताई बँकेत होती. लग्न ठरलं त्या वर्षी तिने ऑफिसरच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता, पुस्तकंही आणली होती, गच्चीवरच्या त्या पोरांकडून गणितं समजावून घ्यायची. पहिल्या फटक्यात पास झाली असती. हे मी तिला त्या रात्री सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.