दोन हात जमीन

रविवार, रात्री उशिरा

माझी कथा छापून आली. वाचून ज्यांनी कळवलं त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बोलण्यात ‘विस्थापितांची वेदना’ आलीच. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. धरण आहे, बुडालेलं गाव आहे, दोन म्हातारे आहेत, कुणीही तेच म्हणणार. पण लिहिताना वेदना माझ्या डोक्यात फारशी नव्हती. भांडण होतं. दोन हात रुंदीच्या एका पट्ट्याचं भांडण, आणि तो पट्टा आता दोघांपैकी कुणाचाच नाही.

उद्या परवा विसरायच्या आत इथं लिहून ठेवते.

गोष्ट थोडक्यात अशी. आप्पा आणि तात्या सख्खे चुलतभाऊ. भीमेच्या काठाला शेजारी शेजारी शेतं, मध्ये बांध. तात्याचं म्हणणं, आप्पाच्या बापानं दरवर्षी नांगरटीला तो बांध वीत वीत कोरला. दावा लागला, तारखा पडत गेल्या, आणि निकालाच्या आधी उजनी धरणाचं पाणी आलं. संपादनाच्या मोजणीत तो पट्टा आप्पाच्या वहिवाटीत निघाला, म्हणजे त्याचा मोबदलाही आप्पाच्या घरात गेला. पुढची सगळी वर्षं दोघं नव्या गावठाणात एकाच गल्लीत राहतात आणि बोलत नाहीत. मग एका मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की ते शिवार वर येतं. दोघं वेगवेगळ्या वाटेनं, हातात काठी घेऊन, आपला बांध शोधायला निघतात.

या कथेला उजनीच हवं होतं, दुसरं धरण चाललं नसतं. कोयनेच्या शिवसागरातही गावं गेली, पण उजनीचा स्वभाव वेगळा. एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलं की धरणाची टक्केवारी उणे होते. बाहेरच्या माणसाला हे गमतीचं वाटतं. सोलापूरकडच्या माणसाला नाही वाटत, तो ‘उजनी मायनसमध्ये गेलं’ हे पाऊसपाण्याच्या गप्पांइतक्या सहज बोलतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. अशा वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, लोक गाड्या करून बघायला जातात, शिखरासमोर फोटो काढतात. देवळाच्या आसपासचं शिवारही वर आलेलं असतं, पण त्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण तिथं भेगाळलेल्या गाळाशिवाय बघण्यासारखं काही नसतं. माझी गोष्ट त्या गाळावर घडते.

पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती गाळपेराची जमीन. ती सरकारची. जलसंपदा खातं हंगामापुरती ती भाड्यानं कसायला देतं, त्यात धरणग्रस्तांना आधी मान. म्हणजे आपल्याच बापजाद्याच्या रानात आपण भाडेकरू, तेही पाणी परत येईपर्यंत. आप्पा आणि तात्या जिच्यासाठी हमरीतुमरीवर येतात तिच्या सात-बाऱ्यावर दोघांपैकी कुणाचंच नाव नाही. दोघांनाही ते पक्कं ठाऊक आहे. तात्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला जुना उतारा आहे आणि त्याची किंमत शून्य आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तरी तो उतारा घरी ठेवून येत नाही.

हे मला सुचलं आजोबांमुळे. आजोबांना लहानपणी मी खूपदा विचारायचे, तुमचं जुनं गाव कसं होतं? शाळेत कुणी तरी ‘मुलाखत घ्या’ म्हणून सांगितलेलं असायचं. आजोबा म्हणायचे, “कसं म्हंजे? गावासारखं गाव.” पुढं काही नाही. मला वाटायचं, त्यांना सांगायचं नाहीये, दुखतंय. नंतर कळलं की तसं नव्हतं. त्यांना खरंच सांगता येत नव्हतं. ‘कसं होतं’ या प्रश्नाला हात घालायला जागाच नसते. पण भावकीतल्या एका माणसाचं नाव कुणी काढलं की आजोबा सरसावून बसायचे. “त्यानं आमची पाण्याची वाट अडिवली.” कुठं? मग बोटानं फरशीवर रेघ. ही विहीर, हा ओढा, इथनं पाट, पाटाच्या अंगाला लिंबाचं झाड, झाडाखाली त्याची म्हस, म्हशीच्या मागं सुताराचं घर, सुताराचा पोरगा पळून गेल्याला. अर्ध्या तासात गाव फरशीवर उभं. प्रेमानं विचारलं तेव्हा एक घर दिसलं नव्हतं, आणि एका अडवलेल्या पाटापायी सगळी आळी आली.

एवढंच मला कथेत आणायचं होतं. गाव लक्षात राहतं ते भांडणाच्या खुणांनी. प्रेमाला खुणा लागत नाहीत, ‘आमचं गाव फार छान होतं’ म्हटलं की भागतं. तक्रारीला मात्र पुरावा लागतो. कुठल्या झाडापासून किती पावलं, कुणाच्या दारापुढून, कुठल्या सालच्या दुष्काळात, तेव्हा कोण साक्षीला होतं, हे सगळं राखून ठेवावं लागतं. तात्यानं ते दोन हात सोडून दिले असते तर त्याच्या डोक्यात ते शिवार एव्हाना पुसट झालं असतं. तो ते सोडत नाही म्हणून मधली बाभळ, विहिरीचा कठडा, मोटेचं थारोळं, सगळं जागच्या जागी आहे.

कथेतला मधला सगळा भाग म्हणजे ही बाचाबाची आहे. “हितनं बांध.” “हितनं कुठला? हितं तुझ्या चुलत्याची म्हस बांधल्याली असायची.” “म्हस बाभळीला हुती.” “बाभळ कुठं हुती मग?” दोघं एकमेकांना खोटं पाडायला बोलत राहतात, आणि वाचणाऱ्याला न सांगता गाव उभं राहत जातं. निदान माझा तसा बेत होता. हे लिहिताना मला हसू आवरत नव्हतं, आणि त्याचीच थोडी भीतीही वाटली. धरणग्रस्तांवर हसायचं का? मराठीत या विषयाला एक गांभीर्य आधीच चिकटलेलं आहे, आणि ते उगीच नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासूनची ती ओळ आहे. सेनापती बापटांना ‘सेनापती’ ही ओळख त्याच लढ्यानं दिली. ‘जान किंवा जमीन’ म्हणत माणसं टाटांच्या धरणापुढं उभी राहिली होती. उजनीचं काम सुरू झालं १९६६ मध्ये आणि राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. दहा वर्षांचं हे अंतर ज्यांनी अंगावर काढलं त्यांच्यावर कोण हसेल? पण ती माणसंच हसायची, एकमेकांवर. आजोबा त्या पाट अडवणाऱ्या माणसाची नक्कल करायचे तेव्हा आजी पदर तोंडात घालायची. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं चोवीस तास गंभीर राहायचं, ही अपेक्षा मला दयेसारखी वाटते, आणि दया करण्यापेक्षा हसलेलं बरं.

पहिल्या खर्ड्यात एक प्रसंग होता, गाव सोडतानाचा. देव बैलगाडीत, पुढं हलगी, मागं बायका, एक म्हातारी उंबऱ्याला धरून बसलेली. चांगला उतरला होता. खोटाही नव्हता, असं घडलेलं आहे. तरी मी तो काढून टाकला. कारण तो आला की पुढची सगळी कथा त्याच्या सावलीत जाते आणि आप्पा-तात्या बिचारे होतात. मला ते बिचारे नको होते, हट्टी हवे होते. देव नव्या गावठाणात आणले तसं भांडणही आणलं, एवढं एक वाक्य तिथं ठेवलं. एका वाचकानं नेमकं तेच खटकल्याचं लिहिलंय. त्याला देवाची आणि भांडणाची एका वाक्यातली मांडणी रुचली नाही. मला रुचते.

उसाचं मात्र कुणीच विचारलं नाही. कथेत आप्पाच्या पोराचा ऊस आहे. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर मोटार, तिथून पाइपलाइन, आणि आठ-दहा एकर आडसाली. ज्या पाण्यानं बापाचं शेत गिळलं त्याच पाण्यावर पोरानं बंगला बांधला. पाणी मागं सरकलं की तो मोटार पुढं नेतो, केबल वाढवतो, चारी खणून पाणी मोटारीपर्यंत ओढतो. कथेत एका जागी बाप आपला बांध शोधतोय आणि पन्नास पावलांवर जेसीबी चारी खणतोय, ती चारी सरळ त्या वादाच्या पट्ट्याकडं येतेय. पोराला थांबवायला दोघं म्हातारे एकत्र धावतात. पोरगा म्हणतो, “आप्पा, हितं काय हाय? चिखल हाय नुसता.” धरणानं तोटाच झाला असं लिहिणं मला शक्य नव्हतं, त्या भागातला कुणी शेतकरी ते मानणार नाही. फायदाच झाला असंही नाही. लाभक्षेत्र एकाचं, बुडीतक्षेत्र दुसऱ्याचं, आणि कधी कधी दोन्ही एकाच घरात, बाप बुडीत आणि मुलगा लाभात. यावर एक वेगळी कथा होऊ शकते. या कथेत ते तेवढ्यापुरतंच ठेवलं, जास्त लिहिलं असतं तर ती अर्थशास्त्राकडं गेली असती.

शेवट. शेवटाबद्दल संपादकांशी थोडं झालं. त्यांना दोघांनी शेवटी गोडीनं बोलावं, निदान एका बिडीवर समेट व्हावा असं वाटत होतं. मे महिना, संध्याकाळ, समोर उघडं पडलेलं गाव, दोन भाऊ. वाचक सुखावला असता हे खरं. मी ऐकलं नाही. समेट झाला की बांध कुठं होता हे लक्षात ठेवायचं कारण संपलं. दोघांच्या पश्चात ते गाव माहीत असलेलं कुणी नाही, आणि दोघं हयात असतानाच ते विसरायला मी त्यांना मोकळीक का देऊ? कथेत दोघंही आपापल्या मते बांध जिथं होता तिथं खुंटी मारतात. दोन खुंट्यांमध्ये दोन हात अंतर राहतं. आपापल्या खुंटीपर्यंत दोघं चाऱ्यासाठी मका पेरतात आणि मधल्या पट्ट्यात कुणीच पेरत नाही. जुलैत पोरगा मोबाइलवर वाचून दाखवतो, दौंडजवळचा विसर्ग वाढला. पाणी येतं. हा शेवट ‘प्रतीकात्मक’ आहे असं एकानं कौतुकानं लिहिलंय. असेलही. मला तो अगदी व्यवहारातला वाटला होता. जिथं वाद आहे तिथं पेरलं तर मका कापणीला पुन्हा वाद, म्हणून सोडलेलं बरं, असाच हिशोब खेड्यातला माणूस करेल.

आता काकू. हिच्याबद्दल लिहायला म्हणून तर बसले होते, आणि एवढं सगळं मध्येच आलं.

आप्पाची बायको पहिल्या खर्ड्यात नव्हतीच. दुसऱ्यात आली ती डबा घेऊन, म्हाताऱ्यांना कुणी तरी भाकरी आणून द्यायला हवी म्हणून. ती डबा ठेवते, कमरेवर हात देऊन उभी राहते, गाळावर नजर फिरवते, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की हिला माहीत आहे. बांध नेमका कुठून गेला होता हे हिलाच माहीत आहे. पुरुष बांधावरून चालतात आणि बांधावरून भांडतात, बांधावरचं गवत कापतात बायका. तिनं लग्न होऊन आल्यापासून पाणी येईपर्यंत रोज त्या बांधावर बसून विळ्यानं गवत कापलं आहे. बांधाचं प्रत्येक वळण, कुठं कुंदा जास्त, कुठं सापाचं बीळ, हे तिच्या हातांना माहीत. कोर्टानं तिला साक्षीला बोलावलं नाही, मोजणीच्या वेळी कुणी विचारलं नाही, आणि आज समोर दोघं घसा फोडून भांडताहेत तेव्हाही तिला कुणी विचारत नाही.

हिनं माझा सगळा सिद्धान्तच मोडला. भांडणाशिवाय आठवण टिकत नाही असं मी म्हणत होते, आणि इथं एक बाई उभी आहे जिचं कुणाशी भांडण नाही तरी तिला सगळं आठवतं. एका खर्ड्यात मी तिला बोलायला लावून बघितलं. तिनं पायाच्या अंगठ्यानं गाळात रेघ ओढली, “ह्यो बांध.” दोघांनी बघितलं, दोघांना पटलं, आणि त्यानंतर कुणाला काही बोलायचंच राहिलं नाही. कथा तिथंच संपली. ते पान मी फाडलं. छापलेल्या कथेत ती काही बोलत नाही, रिकामा डबा उचलते आणि जाते.

एक मैत्रीण म्हणाली, काकू मुद्दाम गप्प राहते, दोघांचं भांडण म्हणजे दोघांचं जगणं आहे हे तिला कळतं. हे वाचायला गोड आहे, पण मला पटत नाही. इतका समजूतदारपणा बायकांच्या गळ्यात घालायची आपल्याला सवयच आहे. मला वाटतं ती नुसती कंटाळलेली आहे. चाळीस-पन्नास वर्षं तेच ऐकलंय, ऊन आहे, घरी म्हशीला पाणी पाजायचं राहिलंय. शिवाय तिच्या लेखी त्या पट्ट्याचा प्रश्न कधी नव्हताच, गवत ती बांधाच्या दोन्ही अंगांचं कापायची. तात्याची बायकोही तेच करायची. दोघी एकाच वेळी तिथं असायच्या, बोलत असायच्या, आणि घरी आल्यावर सांगायच्या नाहीत. हे कथेत कुठंच नाही. पुढची कथा कदाचित त्या दोघींची होईल.